अडखळत्या चित्राची चौकशी

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर या तालुक्यांत गावोगावच्या यात्रांमध्ये बैलगाड्यांच्या ज्या शर्यती होतात, त्यांचा निकाल घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर गाड्याने किती सेकंदांत तोडले यावर लागतो, आणि दोन नामांकित गाड्यांमधील तफावत पुष्कळदा सेकंदाच्या एखाद्या अंशाचीच असते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने बंद पडलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर अनुमती मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने तीवर शिक्कामोर्तब केले, आणि आता बारीमागून बारीचे, म्हणजे गाड्याच्या प्रत्येक धावेचे, चित्रण मोबाइलवर, कॅमेऱ्यावर, क्वचित ड्रोनवरही होत असते. यात्रा आटोपल्यावर हे चित्रण पेन ड्राइव्हमधून घरी येते, बैठकीच्या खोलीतील मोठ्या टीव्हीला जोडलेल्या संगणकावर लावले जाते, आणि जो गाडा प्रत्यक्षात एका दमात निशाणापर्यंत गेला तोच पडद्यावर थांबत, झटके देत, मधली पावले गाळीत धावताना दिसतो. घरातील मंडळी म्हणतात, ‘व्हिडिओ अटकतोय.’

या तक्रारीवर सामान्यतः दोनच उपाय सुचवले जातात: एक म्हणजे ‘फॉरमॅट मारा’ आणि दुसरा म्हणजे ‘मशीन जुनं झालं, नवं घ्या’. दोन्ही उपायांत दोष असा की, ते चौकशी पुरी होण्यापूर्वीच निकाल देतात. संगणकातील चित्र अडखळते त्यामागे पाचसहा निरनिराळी कारणे संभवतात, प्रत्येक कारणाची लक्षणे वेगळी असतात, आणि त्यांतील पुष्कळ कारणांचे निवारण एक पैसाही न खर्चता घरच्या घरी करता येते. परंतु नेमके कारण कोणते हे अंदाजाने ठरवण्याची सवय आपल्याला लागली असल्यामुळे जेथे एक कळ दाबून भागले असते तेथे हजारो रुपयांची खरेदी होते, आणि कधी कधी त्या खरेदीनंतरही चित्र पूर्ववत अडखळतच राहते.

मोजण्याची परंपरा

ही गोष्ट शिरूर तालुक्यातील पाबळच्या संदर्भात सांगण्यास विशेष कारण आहे. इतिहासाच्या वाचकांना हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे परिचित आहे. शिक्षणाचा विचार करणारांना ते डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांच्या विज्ञान आश्रमामुळे ठाऊक आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून कलबागांनी १९८३ साली या अवर्षणग्रस्त गावात आश्रमाची स्थापना केली, आणि हातांनी प्रत्यक्ष काम करता करताच बुद्धीला शिक्षण मिळते हे तत्त्व त्यांनी ग्रामीण मुलामुलींच्या अभ्यासक्रमाच्या मुळाशी ठेवले. पुढे २००२ साली, अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेचे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब सुरू झाली; जगभर पसरलेल्या या प्रयोगशाळांच्या मालिकेतील ती अगदी आरंभीची. त्या प्रयोगशाळेत आरंभी जी कामे हाती घेतली गेली ती फार बोलकी आहेत: दुधाचा कस तपासण्याची साधने, आणि डिझेल इंजिन कमी इंधनात नीट चालावे म्हणून त्याची जुळणी करण्याची साधने.

दोन्ही कामांचा मथितार्थ एकच. शेतकऱ्याचे इंजिन जास्त डिझेल पिते, त्याच्या दुधाला कमी भाव मिळतो, याचे कारण दर वेळी त्याच्या मालात किंवा यंत्रातच असते असे नाही; मोजण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती असते आणि त्याला केवळ निकाल ऐकावा लागतो, हेही एक मोठे कारण असते. संगणकाच्या बाबतीत आपली स्थिती याहून पुष्कळ बरी आहे, कारण मोजण्याची साधने त्याच यंत्रात विनामूल्य उपलब्ध असतात. ती उघडून पाहण्याचा प्रघात तेवढा पडलेला नाही.

मुदत सेकंदाच्या पंचविसाव्या भागाची

चलच्चित्र ही वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका होय. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला तेव्हा कॅमेरा हाताने फिरवावा लागे, आणि सेकंदाला किती चित्रे टिपली जातील हे फिरवणाराच्या मनगटावर अवलंबून असे. बोलपट आल्यावर ही मोकळीक संपली, कारण चित्राची गती बदलली की ध्वनीचा सूरही बदलतो; म्हणून सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण कायम झाले. यात्रांतील तंबूंत ज्या प्रक्षेपकावर आपल्या वाडवडिलांनी सिनेमा पाहिला, त्यातील दातेरी यंत्रणा फीत अखंड ओढीत नसे. ती प्रत्येक चित्र क्षणभर दिव्यापुढे निश्चल धरी, मग झडप आड करून पुढचे चित्र ओढी, आणि हे सारे सेकंदात २४ वेळा न चुकता घडे. दूरदर्शनने आपल्या विजेच्या ५० आवर्तनांशी जुळणारे २५ चित्रांचे प्रमाण स्वीकारले. आजचे मोबाइल बहुधा ३० किंवा ६० चित्रे टिपतात.

संगणकावरही कायदा तोच आहे. सेकंदाला २५ चित्रे दाखवावयाची तर प्रत्येक चित्र, ज्याला या व्यवसायात फ्रेम म्हणतात, सेकंदाच्या पंचविसाव्या भागात तयार होऊन पडद्यावर हजर झालेच पाहिजे. ते वेळेवर आले नाही तर चित्र लावणारा प्रोग्राम आवाज थांबवीत नाही, कारण आवाजातील खंड कानाला तत्काळ टोचतो. तो उशिरा आलेली फ्रेम टाकून देतो आणि पुढच्या फ्रेमकडे वळतो. आपल्याला जो झटका दिसतो तो बहुधा अशा टाकून दिलेल्या फ्रेमचा असतो. तेव्हा चौकशीचा प्रश्न नेमका असा मांडावा लागतो की, मुदत कोणी चुकवली?

मुदत इतकी कठीण का, हे थोड्या हिशेबाने ध्यानात येईल. साध्या पूर्ण एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एका फ्रेमला ६२,२०,८०० बाइट लागतात, आणि २५ फ्रेमच्या एका सेकंदाला साडेपंधरा कोटींहून अधिक. या हिशेबाने तासाभराचे चित्रण सुमारे ५६० जीबी जागा व्यापील. प्रत्यक्षात तेच चित्रण चारपाच जीबीत मावते, याचे श्रेय संक्षेपाच्या गणिताला आहे. पेढीवरचा कारकून रोज साऱ्या मालमत्तेची यादी नव्याने न लिहिता त्या दिवशीचा जमाखर्च तेवढा कीर्दीत मांडतो, त्याप्रमाणे संक्षेप करणारी पद्धती, म्हणजे कोडेक, अधूनमधून एखादीच फ्रेम संपूर्ण लिहिते आणि तिच्या पुढच्यामागच्या फ्रेमांत केवळ काय बदलले एवढेच नोंदते. पाहताना या नोंदींवरून प्रत्येक फ्रेम पुन्हा पूर्ण उभी करावी लागते, आणि खरे कष्ट तेथे असतात.

बैलगाड्याचे चित्रण याच कारणाने संगणकाची कठोर परीक्षा घेते. मुलाखतीच्या कार्यक्रमात मागची भिंत तासभर तीच राहते, सबब नोंदण्यासारखे फारसे नसते. परंतु बारी सुटताना उधळलेला भंडारा, खुरांखालून उठणारा धुरळा, दुतर्फा हलणारी माणसे आणि गाड्यामागे वेगाने फिरणारा कॅमेरा यांमुळे पडद्यावरील जवळजवळ प्रत्येक बिंदू प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो. धुळीच्या कणांचे पुढचे स्थान मागच्यावरून सांगता येत नाही, म्हणून संक्षेपाला तेथे फारसा वाव नसतो; नोंदी फुगतात आणि त्या उलगडणाऱ्या यंत्रावरचा बोजा नेमका त्याच क्षणी वाढतो. संथ प्रसंग नीट दिसतात आणि गाडा सुटला की चित्र अटकते, या अनुभवाचा खुलासा येथे आहे.

लक्षणांची वर्गवारी

संगणकात चित्राचा प्रवास चार टप्प्यांनी होतो. फाइल डिस्कवरून किंवा इंटरनेटवरून येते; तिच्यातील नोंदी उलगडून फ्रेम तयार होतात; त्या फ्रेम केबलमधून टीव्हीकडे जातात; आणि टीव्ही आपल्या ठरीव तालाने त्या दाखवतो. यांवर पाचवी गोष्ट म्हणजे उष्णता, जी कोणत्याही टप्प्याला शिथिल करू शकते. कोणताही उपाय योजण्यापूर्वी घरातील एकाने शांतपणे बसून चित्र नेमके कसे अडते हे पाहावे.

चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबून पडद्यावर चक्र फिरू लागले, आणि थोड्या वेळाने दोन्ही पुन्हा सुरू झाले, तर पुरवठा तुटतो आहे. आवाज अखंड चालू राहून चित्र मात्र झटके देत असेल, आणि धावपळीच्या प्रसंगी ते अधिक होत असेल, तर उलगडण्याचे काम मुदतीत पुरे होत नाही. चित्र कोठेही न थांबता, कॅमेरा आडवा फिरताना मात्र ठरावीक अंतराने बारीक हिसके जाणवत असतील, तर फ्रेम वेळेवर तयार आहेत परंतु त्यांचा ताल आणि पडद्याचा ताल जुळत नाही. पहिला अर्धा तास सर्व सुरळीत जाऊन मग अडखळणे सुरू झाले आणि पंख्याचा आवाज वाढला, तर यंत्र तापले आहे. हलत्या आकृतीच्या कडांना फणीच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसत असतील, तर ते जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेले चित्रण असण्याचा संभव मोठा. त्यात प्रत्येक फ्रेम सम आणि विषम रेषांच्या दोन हप्त्यांत टिपलेली असते, आणि व्हीएलसी या चित्र लावणाऱ्या प्रोग्राममधील ‘डीइंटरलेस’ ही सोय चालू केल्याने त्या रेषा जातात.

उलगडणारा कोण?

घरगुती तक्रारींत दुसऱ्या प्रकारचे लक्षण फार आढळते, म्हणून त्याचा तपास सविस्तर पाहू. पुण्यातील कार्यालयांतून निघालेले जुने संगणक गावाकडे स्वस्तात मिळतात. ते लिहिण्यावाचण्याच्या, हिशेबाच्या कामाला अजूनही उत्तम असतात. अशा संगणकातील मुख्य प्रोसेसर कोणतेही काम करू शकतो, पण चित्र उलगडण्यासाठी त्याच्या शेजारी ग्राफिक्सच्या भागात एक स्वतंत्र मंडल असते, जे तेवढेच एक काम करते आणि अत्यल्प विजेत, अत्यल्प उष्णतेत करते. अडचण अशी की, हे मंडल तयार झाले त्या वेळी जे कोडेक प्रचारात होते तेवढेच त्याला अवगत असतात. एच.२६४ हा कोडेक २००३ सालचा. तो गेल्या दीड दशकातील बहुतेक सर्व संगणकांना येतो. एच.२६५, ज्याला एचईव्हीसीही म्हणतात, तो २०१३ सालचा. इंटेलच्या प्रोसेसरांच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, तो मंडलात आला, आणि त्याचा अधिक सूक्ष्म रंगछटांचा १० बिटांचा प्रकार सातव्या पिढीपासून. एव्ही१ हा २०१८ सालचा कोडेक इंटेलच्या मंडलांत अकराव्या पिढीपासून, २०२० च्या सुमारास, दाखल झाला.

आता चौथ्या पिढीच्या एखाद्या संगणकात नव्या मोबाइलवर टिपलेले फोर-के आणि एच.२६५ प्रकारचे चित्रण लावले तर काय होते पाहा. फोर-के म्हणजे पूर्ण एचडीच्या चौपट बिंदू. मंडलाला कोडेक नीट येत नाही. साहजिकच सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, तो पूर्ण शक्तीने धावतो, तरी मुदत चुकते. याच संगणकावर एच.२६४ मधील पूर्ण एचडी चित्रपट मात्र निर्वेध चालतो. म्हणून ‘दुसरे व्हिडिओ चालतात, हाच का चालत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर फाइलच्या आत शोधावे लागते.

त्याचा पुरावा मिळवणे सोपे आहे. व्हीएलसीमध्ये चित्र चालू असताना ‘टूल्स’ या यादीतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडावे. तेथे कोडेकचे नाव, चित्राचा आकार आणि फ्रेमची गती दिसते. शेजारच्या ‘स्टॅटिस्टिक्स’ या पानावर दाखवलेल्या फ्रेम किती आणि गळालेल्या किती हे आकडे डोळ्यांदेखत वाढत असतात. त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून विंडोजचा ‘टास्क मॅनेजर’ उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’ या भागात पाहावे. प्रोसेसर शंभर टक्क्यांजवळ गेला आहे आणि ग्राफिक्सखालील ‘व्हिडिओ डिकोड’ या आलेखाची रेषा तळाशी निजलेली आहे, असे दृश्य दिसले की आरोप सिद्ध झाला: मंडल बसून आहे आणि प्रोसेसर राबतो आहे.

मंडल बसून का आहे, याची मात्र तीन उत्तरे असू शकतात, आणि तिन्हींचा खर्च सारखा नाही. पहिले, त्याला तो कोडेक येतच नाही. दुसरे, व्हीएलसीच्या पसंतींत ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सलरेटेड डिकोडिंग’ बंद आहे. ते चालू करून प्रोग्राम पुन्हा उघडला की काम होते. तिसरे, आणि फॉरमॅटनंतर वारंवार घडणारे, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, त्या भागाला विंडोजशी जोडणारा प्रोग्राम, बसवलेलाच नाही. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असे नाव दिसले तर संगणक केवळ कामचलाऊ व्यवस्थेवर चालला आहे आणि उलगडणारे मंडल त्याच्या खिजगणतीत नाही, असे खुशाल समजावे. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर उतरवून बसवताच त्या संगणकाचा कायापालट होतो. ज्या फॉरमॅटला आपण उपाय मानतो तोच कित्येकदा रोगाचे मूळ ठरतो, तो असा.

यूट्यूबवर पाहताना हाच तपास दुसऱ्या खिडकीतून करता येतो. चित्रावर माउसची उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडले की कोडेक, गळालेल्या फ्रेम आणि पुढचा किती सेकंदांचा साठा शिल्लक आहे, हे तिन्ही आकडे मिळतात. साठा भरपूर असूनही फ्रेम गळत असतील तर इंटरनेटला दोष देऊ नये. दर्जा एक पायरी खाली आणून पाहावा. साठा शून्याकडे जात असेल तर संगणक निर्दोष आहे.

पडद्याचा ताल

तिसऱ्या प्रकारचे लक्षण सर्वांत चकवणारे, कारण त्यात सर्व आकडे निर्दोष दिसतात आणि डोळा मात्र तक्रार करतो. टीव्हीला जोडलेला संगणक सहसा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करतो. या आकड्याला रिफ्रेश रेट म्हणतात. ३० फ्रेमचे चित्रण असेल तर प्रत्येक फ्रेम दोन आवर्तने दिसते आणि ताल बिनचूक जुळतो. परंतु चित्रपट २४ फ्रेमचा असतो, आणि साठाला चोविसाने भागले असता अडीच येतात. अर्धे आवर्तन अस्तित्वात नसल्यामुळे एक फ्रेम दोन आवर्तने तर दुसरी तीन आवर्तने दाखवावी लागते. २५ फ्रेमच्या चित्रणात पाच फ्रेमना बारा आवर्तने वाटून द्यावी लागतात, म्हणजे वाटणी आणखी विषम होते. माणसे उभी राहून बोलत असताना हा भेद जाणवत नाही. कॅमेरा क्षितिजावरून संथ फिरू लागला की डोंगराची कड पुढे सरकताना दर दोन पावलांना अडखळते.

उपाय विनामूल्य आहे. विंडोजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ या पानावर रिफ्रेश रेट बदलता येतो: २५ फ्रेमच्या चित्रणासाठी ५०, आणि टीव्हीची तयारी असल्यास चित्रपटासाठी २४. टीव्हीवर सिनेमे पाहण्यासाठीच संगणक ठेवला असेल तर कोडी हा प्रोग्राम बसवून त्याच्या सेटिंग्जमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट चित्राप्रमाणे आपोआप बदलण्याची तजवीज करावी, म्हणजे दर वेळी हात लावावा लागत नाही.

येथेच एक गफलत नेहमी होते. घरात नवा फोर-के टीव्ही येतो, जुना संगणक त्याला जोडला जातो, आणि विंडोज आपण होऊन फोर-के आकार निवडते. परंतु त्या संगणकातील एचडीएमआय ही जोडणी १.४ या आवृत्तीची असेल, तर तिच्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकते; ६० वेळा जाण्यासाठी २०१३ सालची २.० ही आवृत्ती दोन्ही टोकांना लागते. परिणामी ६० फ्रेमने टिपलेल्या बारीतील निम्म्या फ्रेम पडद्यापर्यंत पोहोचतच नाहीत, एवढेच काय, माउसचा बाणही जड झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी आकार १,९२० बाय १,०८० आणि रिफ्रेश रेट ६० ठेवावा. बिंदू कमी झाल्याचे दहा फुटांवरून क्वचितच जाणवते. गती सुरळीत झाल्याचे मात्र घरातील लहान मुलालाही कळते.

धूळ आणि उष्णता

शिरूर तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात फाल्गुनापासून मृगापर्यंत घरात जी धूळ येते तिचा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे. संगणकाचा पंखा तीच हवा आत ओढतो, आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. प्रोसेसरचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो स्वतःच्या रक्षणासाठी आपली गती उतरवतो. जे चित्र मुदतीच्या थोडे अलीकडे तयार होत होते ते आता मुदतीच्या थोडे पलीकडे जाते. टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवलेल्या संगणकाला तर स्वतःचीच तापलेली हवा पुन्हा ओढावी लागते.

कोअर टेम्प यासारखा लहानसा विनामूल्य प्रोग्राम तापमान दाखवतो. ते सतत नव्वदीत राहत असेल तर संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, अंगणात नेऊन उघडावा; पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, म्हणजे हवेच्या झोताने ती भरमसाट फिरून बिघडणार नाहीत; आणि मऊ ब्रशाने व ब्लोअरने पात्यांमधील धूळ काढावी. प्रोसेसर आणि धातूचा ठोकळा यांमध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. ती काही वर्षांत वाळून खडूसारखी होते. ठोकळा काढलाच तर जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. कपाटाची मागची फळी काढणे हाही एक प्रामाणिक उपाय आहे. यासोबत विजेच्या बचतीची सेटिंग पाहावी. ‘पॉवर सेव्हर’ निवडलेले असेल तर संगणक मुद्दामच मंद चालत असतो.

पुरवठ्याचा हिशेब

फाइल हळू येते हा आरोप हार्ड डिस्कवर सहज केला जातो, पण हिशेब तसा नसतो. पूर्ण एचडी चित्रण सेकंदाला दहा लाख बाइटांच्या आसपास मागते. फोर-केचे उत्तम कॅमेरे सेकंदाला १० कोटी बिट, म्हणजे सव्वा कोटी बाइट लिहितात. साधी निरोगी हार्ड डिस्क याच्या कित्येक पट देते. तेव्हा डिस्क अपुरी पडते आहे असे दिसले तर ती आजारी आहे असे समजून प्रथम घरातील छायाचित्रांची आणि कागदपत्रांची दुसरी प्रत करावी, आणि मग क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने तिची प्रकृती पाहावी. स्वस्त पेन ड्राइव्हवर मात्र संशय घेण्यास जागा असते. त्यातील फाइल संगणकात उतरवून लावली आणि चित्र सुधारले, तर दोष तेथेच होता.

वायफायची तपासणीही याच न्यायाने करावी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग १, ६ आणि ११ हे तीनच, आणि शेजारपाजारचे सर्व राउटर त्यांतच वाटेकरी असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतीपुढे त्याचे काही चालत नाही. राउटरपासून टीव्हीपर्यंत एक वायर टाकली की हा सारा वाद मिटतो, आणि ती वायर नव्या संगणकाच्या मानाने फुकट म्हणावी इतकी स्वस्त असते.

खर्चाचा क्रम

आता निवारणाचा क्रम सांगता येईल. प्रथम लक्षण पाहावे. मग आकडे वाचावेत. मग एका वेळी एकच बदल करावा आणि तेच चित्रण, त्याच जागेपासून, पुन्हा लावून आकडे ताडून पाहावेत. दोन बदल एकदम केले की गुण कशाने आला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी सर्व खटाटोप मुळापासून करावा लागतो. सेटिंग, ड्रायव्हर, स्वच्छता आणि वायर एवढे झाल्यावरही एखादी फाइल मंडलाच्या आवाक्याबाहेर राहिली, तर हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रामने ती एच.२६४ आणि पूर्ण एचडी या रूपात उतरवून घ्यावी. काम सावकाश होते, रात्री लावून ठेवले की सकाळी तयार मिळते. मूळ फाइल मात्र पुसू नये, कारण उद्याच्या यंत्राला ती सहज पेलेल. इतके करून रोजच्याच चित्रणाला संगणक पुरा पडत नसेल, तेव्हा नवा घेणे न्याय्य आहे. आणि तेव्हा दुकानात कोणते कोडेक त्याच्या ग्राफिक्सला अवगत आहेत एवढा एकच प्रश्न आवर्जून विचारावा.

लग्नाचे आणि यात्रेचे चित्रण करून देणाऱ्या व्यावसायिकांनाही एक विनंती आहे. पेन ड्राइव्ह देताना त्यात दोन प्रती असाव्यात: एक पूर्ण दर्जाची, भविष्यासाठी, दुसरी एच.२६४ मधील, आजच्या घरातील टीव्हीसाठी. त्यांना हे घटकेचे काम आहे, आणि त्यामुळे कित्येक घरांतील विनाकारण खरेदी टळेल. शाळांतून मूलभूत तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांनाही हा तपास नमुन्याचा धडा म्हणून देता यावा. त्यात भागाकार आहे, विजेचे आणि उष्णतेचे शास्त्र आहे, हातांना काम आहे, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे पडदा तत्काळ सांगतो.

प्रत्येक घरात संगणकाजवळ एक साधी वही असावी. तीत यंत्राची पिढी, एचडीएमआयची आवृत्ती, निरोगी स्थितीतील तापमान, आणि कोणत्या दिवशी कोणता बदल केल्याने काय झाले, एवढी नोंद तारीखवार असावी. ज्या घरात अशी वही आहे त्या घराला दुकानदाराचे म्हणणे आदराने ऐकून घेता येते, आणि ते खरे आहे की नाही हे स्वतः तपासूनही पाहता येते.